पाणी दोन दिवस ठेवलं म्हणजे टँक सायकल झाला असं होत नाही

नवीन टँक आणला, पाणी भरलं, फिल्टर लावून दोन दिवस नुसता चालू ठेवला, पाणी एकदम क्लियर दिसायला लागलं म्हणून मासे सोडले आणि आठवड्याच्या आत एकेक करून मरायला लागले. मग प्रश्न येतो, पाणी तर दोन दिवस ठेवलं होतं ना? ठेवलं होतं, बरोबर आहे, पण त्याने फक्त क्लोरीन गेला. टँक सायकल व्हायला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये वाढायला, सुरुवातही झाली नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळीकडे त्या एकच समजून सांगितल्या जातात, त्यात मासे हकनाक जातात म्हणून जरा नीट लिहितोय.

पाणी ठेवून देण्याचं काम छोटं आहे. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन टाकलेला असतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवलं की तो उडून जातो, एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा दगड) लावला तर अजून लवकर. काही ठिकाणी मात्र क्लोरीनऐवजी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून बनलेला) वापरतात, तो असा सहजासहजी उडत नाही, त्याला वॉटर कंडिशनरच लागतो. साध्या कंडिशनरमध्ये सोडियम थायोसल्फेट असतं, ते काही मिनिटांत क्लोरीन संपवतं, पण क्लोरामाइन तुटल्यावर त्यातला अमोनिया पाण्यात तसाच राहतो. बास, एवढाच विषय.

सायकलिंगमध्ये पाण्यातून काही काढायचं नसतं, टँकमध्ये काहीतरी वाढवायचं असतं. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं सडून अमोनिया होतो, आणि तो विषारी आहे. नायट्रोसोमोनास सारखे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही वाईटच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, म्हणून एअर पंप जोरात चालू असूनही मासे वर येऊन धापा टाकतात. मग नायट्रोस्पायरा नावाचे दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि नियमित पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात, संख्या दुप्पट व्हायला जवळपास अख्खा दिवस जातो, म्हणून साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आणि त्यांना खायला अमोनिया लागतो! रिकाम्या टँकमध्ये अमोनियाच नाही, तर फिल्टर महिनाभर फिरवला तरी ते कशावर वाढणार?

म्हणून मासे नसताना अमोनिया आपणच द्यायचा. सुगंध किंवा साबण न मिसळलेला शुद्ध अमोनिया मिळाला तर पाण्यात 2 पीपीएमच्या (म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅमच्या) आसपास येईल इतका टाकायचा, नाहीतर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून ते सडू द्यायचं, पण यात प्रमाण नेमकं राहत नाही, मला स्वतःला पहिली पद्धत जास्त पटते. पाणी 25 ते 28 डिग्री ठेवलं तर काम लवकर होतं. जुन्या, निरोगी टँकच्या फिल्टरमधला स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये घातला तर कित्येक दिवस वाचतात, यासारखा उपाय नाही.

आता डोळ्यांवर विश्वास का ठेवायचा नाही ते सांगतो. अमोनिया आणि नायट्राइट दिसत नाहीत, पाणी क्लियर असतानाही दोन्ही भरपूर असू शकतात. उलट नव्या टँकमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं तेव्हा लोक म्हणतात बॅक्टेरिया आले, झालं काम! ते वेगळे बॅक्टेरिया असतात, सडक्या वस्तूंवर भराभर वाढणारे आणि पाण्यात तरंगणारे. आपल्याला हवे ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर चिकटून बसतात, पाण्यात जवळजवळ नसतातच. त्यामुळे जुन्या टँकचं नुसतं पाणी आणून ओतण्यात काही अर्थ नाही.

लिक्विड टेस्ट किट घ्याच. अमोनियाच्या ट्यूबमध्ये थेंब टाकून मिनिटं मोजायची आणि पांढऱ्या कागदासमोर धरून बघायची, बहुतेक किटमध्ये पिवळा म्हणजे शून्य आणि हिरवट झाक आली की अमोनिया आहे. पहिले काही दिवस हिरवा गडद होत जातो, मग कधीतरी फिका पडून पिवळा होतो आणि इथेच घाई होते, लोक लगेच मासे आणतात. पण त्याच दिवशी नायट्राइटची ट्यूब बघा, जांभळी झालेली असते, आणि हा टप्पा पहिल्यापेक्षा जास्त दिवस रेंगाळतो. 2 पीपीएम अमोनिया टाकल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट वाढलेलं, असं सलग दोन-तीन दिवस दिसलं की टँक तयार समजा. मग मोठा वॉटर चेंज करून नायट्रेट खाली आणा आणि मासे सोडा.

मासे सोडल्यावरही क्लोरीनचा संबंध संपत नाही. फिल्टर घाण झाला म्हणून स्पंज नळाखाली धरून धुतला तर तोच क्लोरीन आठवडे घालून वाढवलेले बॅक्टेरिया मारतो, आणि भरलेल्या टँकमध्ये अमोनिया परत चढायला लागतो. स्पंज धुवायचाच असेल तर वॉटर चेंजला काढलेल्या टँकच्याच पाण्यात, बादलीत दोन-तीनदा पिळायचा आणि लगेच परत लावायचा.