फिजिक्सनंतर इंजिनीअरिंगचं दार बंद?

'इंजिनीअरिंगची पदवी नसेल तर त्यात मास्टर्स करताच येत नाही,' असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. समज अगदीच निराधार नाही. काही विभाग खरोखर तीच पदवी मागतात. पण हा नियम सरसकट नाही, विभागागणिक बदलतो.

फोटॉनिक्स (प्रकाशावर आधारित तंत्रज्ञान), सेमीकंडक्टर, मटेरियल्स, अणुऊर्जा इथे फिजिक्सचे पदवीधर बऱ्याच ठिकाणी घेतात, कारण विद्युतचुंबकत्व आणि क्वांटम मेकॅनिक्स तिथे रोज लागतं. स्थापत्यात (सिव्हिल) वाट अरुंद आहे: स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, मृदा यांत्रिकी यांतलं फिजिक्सच्या पदवीत सहसा काहीच झालेलं नसतं.

पडताळायचं कसं? विभागाच्या प्रवेश-नियमांतली पात्रता मुळातून वाचा आणि 'समकक्ष किंवा संबंधित शाखा' असे शब्द शोधा. मग पूर्वअटींचे विषय आपल्या गुणपत्रिकेशी ताडून पाहा. इलेक्ट्रिकलसाठी बहुधा सर्किट्स आणि सिग्नल्स-सिस्टिम्स कमी पडतात. असे विषय पूरक म्हणून करावे लागतात. त्यांची क्रेडिट्स अनेकदा पदवीत धरत नाहीत, म्हणून एखादं सत्र वाढू शकतं. हे अर्जाआधीच विचारलेलं बरं.

परवान्याची गोष्ट मात्र वेगळी. काही देशांत व्यावसायिक अभियंत्याच्या परवान्यासाठी पहिली पदवी कशातली आहे ते पाहतात. तिथे नुसतं मास्टर्स पुरेलच असं नाही.