नायगाराच्या दोन्ही काठांवरची आग

१८ जून १८१२ रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हाच्या मोठ्या तक्रारी समुद्रावरच्या होत्या. ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजांवरून खलाशी जबरदस्तीने उचलून नेत होतं, व्यापाराची कोंडी करत होतं. पश्चिमेकडच्या मूळनिवासी जमातींना ब्रिटिशांची फूस आहे, हा रोषही होताच. पण समुद्रात ब्रिटनशी झुंजणं अवघड. हाताशी होता तो ब्रिटिश वसाहत असलेला कॅनडा. क्यूबेकच्या आसपासपर्यंतचा मुलूख घेणं म्हणजे नुसतं चालत जाण्याचं काम, असं माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी लिहिलं.

त्यामागे एक हिशोब होता. अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या दक्षिण ऑन्टारिओत, वस्ती जेमतेम ८० हजारांच्या घरात आणि त्यातले बरेचजण स्वस्त जमिनीसाठी अमेरिकेतूनच आलेले. नायगारा नदीच्या अल्याड-पल्याड सोयरसंबंध होते. ही माणसं आपल्याला येऊन मिळतील, असं आक्रमकांनी धरून चाललं होतं. हा हिशोब कसा चुकला, हाच मला या युद्धाचा गाभा वाटतो.

पहिला फटका डेट्रॉइटला बसला. अमेरिकी जनरल हल यांनी ऑगस्टमध्ये ब्रिटिश जनरल आयझॅक ब्रॉक आणि शॉनी या मूळनिवासी जमातीचे नेते टेकुमसे यांच्यापुढे शरणागती पत्करली. मग १३ ऑक्टोबरला अमेरिकी सैन्य नायगारा ओलांडून आलं आणि क्वीन्स्टन हाइट्स या टेकडीवर लढाई झाली. चढावर हल्ला करताना छातीत गोळी लागून ब्रॉक पडले. गोळीचं भोक असलेला त्यांचा लाल अंगरखा आजही ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे. पण टेकडी अमेरिकेच्या हाती टिकली नाही. ग्रँड नदीकाठच्या हौडेनोसौनी (इरोक्वॉय) या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी जॉन नॉर्टन यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या सैन्याला खिळवून ठेवलं. पलीकडच्या काठावर न्यूयॉर्कचे शेकडो मिलिशिया, म्हणजे नागरिकांतून उभारलेल्या हंगामी फौजेचे, सैनिक उभे होते. परत येणाऱ्या होड्यांतले जखमी पाहून त्यांनी नदी ओलांडायला साफ नकार दिला. देशाबाहेर लढायला आम्ही बांधील नाही, असं त्यांचं म्हणणं.

१८१३च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्याने यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, घेतलं. तिथलं विधिमंडळ जळालं. मे महिन्यात नायगाराच्या कॅनडाकडच्या काठावरचा ब्रिटिश किल्ला फोर्ट जॉर्जही पडला. पण स्टोनी क्रीक आणि बीव्हर डॅम्स इथे हार खाल्ल्यावर अमेरिकी फौज किल्ल्याभोवतीच अडकून पडली.

डिसेंबरात मुदत संपलेले मिलिशियावाले घरी गेले. उरलेल्या मूठभर माणसांनिशी किल्ला सोडताना जनरल मॅक्ल्युअर यांनी १० तारखेला शेजारचं न्यूअर्क गाव पेटवलं. लोकांना सामान काढायला काही तासच मिळाले. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला गादीसकट उचलून बाहेर बर्फात ठेवलं गेलं आणि तिथून तिने स्वतःचं घर जळताना पाहिलं. जाळणाऱ्यांत जोसेफ विलकॉक्स होते. ते अप्पर कॅनडाच्या विधानसभेत निवडून गेलेले, पण त्याच वर्षी अमेरिकेला फितूर झालेले. गावाची राखरांगोळी करायला आपल्याच विधानसभेतला माणूस आला, हे तिथले लोक कसे विसरतील? अमेरिकी सरकारने या कृत्यापासून हात झटकले, पण तोवर उशीर झाला होता.

बदला लगेच आला. १९ डिसेंबरच्या पहाटे ब्रिटिशांनी संगिनींच्या बळावर पलीकडच्या काठावरचा अमेरिकी किल्ला फोर्ट नायगारा घेतला. मग पूर्वेकडच्या, म्हणजे अमेरिकेच्या काठावरची गावं एकेक करून पेटली. ३० तारखेला बफेलो जळालं. मोजकीच घरं उरली.

२५ जुलै १८१४ला धबधब्याजवळच्या लंडीज लेनवर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, शेवटी तर मिट्ट काळोखात, तोफांसाठी हातघाई झाली. दोन्ही बाजूंची प्रत्येकी आठशेहून जास्त माणसं मेली, जखमी झाली वा हरवली. दोघांनीही विजय सांगितला.

त्या वर्षअखेरीस ब्रिटिश सरकारने वेलिंग्टनना अमेरिकेतली सेनापतिपदाची सूत्रं घेण्याबद्दल विचारलं. हेच ते १८०३च्या असईच्या लढाईतले आर्थर वेलस्ली. सीमेवरच्या मोठ्या सरोवरांवर वर्चस्व नसताना मुलूख मागायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांनी कळवलं. २४ डिसेंबर १८१४ला गेंट इथे तह झाला आणि सीमा युद्धापूर्वी होती तिथेच ठेवली गेली. मूळनिवासी जमातींना १८११मध्ये जे हक्क आणि जे प्रदेश होते ते परत द्यायचे, असं तहाच्या ९व्या कलमात लिहिलं होतं. ते कलम कागदावरच राहिलं.