जनुकांची यादी करण्याआधी रोपाकडे बघा

मक्याचा रानटी पूर्वज म्हणजे टिओसिंटे. त्याला झुडपासारख्या भरपूर फांद्या फुटतात, मका मात्र एका खोडावर सरळ वाढतो. या फरकात टीबी-१ नावाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे. पण निर्णायक बदल प्रत्यक्ष जनुकात सापडलाच नाही. जनुकापासून सुमारे ६०,००० डीएनए-अक्षरं दूर हॉपस्कॉच नावाचा एक फिरता डीएनए-तुकडा येऊन बसला आहे आणि त्याच्यामुळे टीबी-१ साधारण दुपटीने काम करतं, असं २०११ मध्ये दाखवलं गेलं. जनुक जास्त चाललं, फांद्या दबल्या.

कोणतं जनुक कुठल्या पेशीत, केव्हा आणि किती चालावं, हे ठरणं म्हणजे जनुक नियमन. पानात आणि मुळात डीएनए एकच असतो, तरी पान पान होतं आणि मूळ मूळ. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपाचा जीनोम, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचा मजकूर, २००० साली प्रसिद्ध झाला. वनस्पतींमधला तो पहिलाच. त्यात प्रथिनं बनवणारी सुमारे २७,००० जनुकं आहेत आणि त्यांतली दीड हजारांहून अधिक जनुकं इतर जनुकांना चालू-बंद करणारी नियामक प्रथिनं तयार करतात. एवढं जाळं नुसत्या डोळ्यांनी उलगडणं शक्य नाही, म्हणून बायोइन्फॉरमॅटिक्स, म्हणजे जैविक माहितीचं संगणकावरचं विश्लेषण, लागतं.

जनुक चालू झालं की त्याची आरएनए नावाची प्रत तयार होते. आज या प्रती वाचणाऱ्या आरएनए-सिक्वेन्सिंगने एका नमुन्यातल्या जवळपास सगळ्या चालू जनुकांचा अंदाज एकदम घेता येतो. हाती येतात ते वाचलेल्या आरएनएचे कोट्यवधी छोटे तुकडे, आणि नवा विद्यार्थी थेट संगणकासमोर बसवला जातो. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. विश्लेषण सुरू होतं ते पान खुडलं जातं त्या क्षणी.

समजा, पाणी तोडलेली रोपं दुपारी बाराला कापली आणि नेहमीसारखं पाणी दिलेली सकाळी नऊला. अरॅबिडॉप्सिसची साधारण एक तृतीयांश जनुकं दिवसाच्या तालावर वर-खाली होतात. मग जो फरक दिसेल तो दुष्काळाचा की घड्याळाचा? त्याचं उत्तर कुठलंही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही, कारण ते त्या आकड्यांत उरलेलंच नसतं. स्पर्शाचंही तसंच. जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी १९९० साली दाखवलं की पाण्याचा फवारा, वारा किंवा नुसता हात लागला तरी अरॅबिडॉप्सिसमधल्या काही जनुकांचे आरएनए १० ते ३० मिनिटांत शंभरपटीपर्यंत वाढतात. एका ट्रेमधली रोपं वारंवार हाताळली आणि दुसऱ्या ट्रेला हातही लावला नाही, तर प्रयोग तिथेच बिघडला. ज्याने स्वतः रोपं वाढवली आहेत, त्याला आकडे बघताना ही शंका आपोआप येते. ज्याच्या हाती फक्त फाइल पडते, त्याला ती सुचणार कशी?

संगणकावरचे सापळे वेगळे. २७,००० जनुकांची एकेक चाचणी घेतली आणि पाच टक्क्यांची नेहमीची मर्यादा ठेवली (म्हणजे शंभरात पाच वेळा निव्वळ योगायोगाने फरक दिसला तरी चालेल असं धरलं), तर काहीही फरक नसतानासुद्धा सुमारे १,३५० जनुकं 'बदललेली' दिसतील. यावरची दुरुस्ती सूत्रात बसवणं सोपं आहे, पण एकदा मुद्दाम फरक नसलेला डेटा देऊन ती खोटी यादी विद्यार्थ्याला स्वतः काढायला लावावी. मग तो धडा डोक्यातून जात नाही. एकाच रोपाचा नमुना तीनदा मोजणं आणि तीन वेगळी रोपं मोजणं यातला फरकही असाच हाताने करून पटतो. आणि अगदी बारीक गोष्ट: फुलाच्या घडणीतलं एसईपी-३ हे जनुक प्रत्यक्षात रोमन अक्षरांत, मधल्या रेघेशिवाय, SEP3 असं लिहितात. ते नाव एक्सेलमध्ये टाकलं की ३ सप्टेंबर होऊन बसतं. यादीतून एक महत्त्वाचं जनुक गुपचूप गायब.

गव्हात तर अडचण आणखी वाढते. ब्रेडच्या गव्हात तीन पूर्वजांचे जीनोम एकत्र नांदतात, त्यामुळे बऱ्याच जनुकांच्या तीन जवळजवळ सारख्या प्रती असतात. आरएनएचा एखादा तुकडा तिन्ही ठिकाणी चपखल बसतो. तो कुणाच्या खात्यावर टाकायचा हे प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या नियमाने ठरवतो. तो नियम ठाऊक नसताना काढलेला निष्कर्ष मला तरी विश्वासाचा वाटत नाही.

रोपं वाढवणं आणि संगणकावर विश्लेषण करणं या दोन्ही विद्यांत प्रत्येकाने पारंगत व्हावं असा माझा आग्रह नाही, ते फार थोड्यांना जमतं. पण बी पेरण्यापासून अंतिम आलेखापर्यंतचा एक छोटा प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी पूर्ण करावा. सरावासाठी पैशांची अडचण कमी आहे. प्रसिद्ध झालेल्या असंख्य प्रयोगांचा कच्चा डेटा सार्वजनिक संग्रहांत मोफत मिळतो, आकडेवारीच्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी आर ही संगणकभाषाही मोफत आहे. एखाद्या शोधनिबंधातला एकच आलेख कच्च्या डेटापासून पुन्हा काढून बघणं हा मला ठाऊक असलेला सर्वांत चांगला गृहपाठ आहे. आकडे जुळले नाहीत, तर का जुळले नाहीत हे शोधताना विद्यार्थी खरं शिकतो.

आणि यादी हाती आल्यावर परत रोपाकडे जावं लागतं. नियामक प्रथिन एखाद्या जनुकाजवळ चिकटलेलं दिसलं म्हणजे ते जनुक त्याच्याच ताब्यात आहे असं नाही. पुष्कळ ठिकाणी ते नुसतं चिकटतं आणि काहीच घडत नाही. म्हणून चिकटण्याच्या जागेतली दोन-चार अक्षरं बदलायची, तसं रोप वाढवायचं आणि जनुक चालतं की थांबतं ते मोजायचं. या खेपेला दोन्ही ट्रे एकाच वेळी कापायचे.