मासे नेण्याआधी एक बाटली पाणी आणा

टँक घ्यायला कोणी दुकानात आलं की आम्ही पहिलं विचारतो, घरी पाणी नळाचं वापरता का विहिरीचं. लोक जरा बावचळतात, कारण त्यांनी मोबाईलवर टँकचा फोटो आणलेला असतो, मुलाला निऑन टेट्रा हवे असतात आणि आम्ही आपले पाण्याचं विचारत बसतो. पण गोव्यात सगळं त्यावरच अडतं हो. शहराकडे ओपा, अस्नोडा नाहीतर साळावलीच्या जलप्रकल्पाचं नळाचं पाणी येतं, आत वाड्यावर गेलं की अजून विहीर. माशाच्या दृष्टीने ही दोन वेगळी पाणी आहेत. म्हणून हा कागद, टँकबरोबर घरी न्या आणि जवळच कुठेतरी ठेवा.

विहिरीचं पाणी असेल तर

आपली जमीन जांभ्या दगडाची. पाऊस त्यातनं मुरत मुरत विहिरीत येतो, वाटेत चुना फारसा भेटतच नाही, त्यामुळे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि बऱ्याचदा आम्ल असतं. आमच्याकडे लोक तपासायला आणतात त्यात पीएच (पाणी किती आम्ल ते दाखवणारा आकडा, सातच्या खाली म्हणजे आम्ल) सहाच्या आसपास पुष्कळदा दिसतो. टेट्रा, रासबोरा, एंजल यांना मऊ पाणी आवडतं. गप्पी आणि मोलीला नाही, ते अशा पाण्यात पंख मिटून एका जागी हलत राहतात, आणि लोकांना वाटतं आम्ही आजारी मासा दिला.

विहिरीतनं काढलेलं पाणी सरळ टँकमध्ये ओतू नका. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड जास्त असतो आणि विरघळलेलं लोह असतं जे डोळ्याला दिसत नाही. बादलीत भरून एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवा, मग एअर स्टोन काढून थोडा वेळ पाणी स्थिर होऊ द्या, लोह जास्त असेल तर तळाला तांबूस गाळ बसतो. वरचं पाणी घ्यायचं, खालचं चार बोटं झाडांना घालायचं. पीएच पण तेव्हाच मोजा, ताज्या पाण्यात तो आहे त्याहून कमी दिसतो.

आता खरी अडचण, आणि ही नीट वाचा कारण यातच सगळ्यात जास्त मासे मरतात. मऊ पाण्यात पीएच धरून ठेवणारा क्षार नसतो, टँक जुना होत गेला की पीएच हळूहळू घसरतो. साडेसहाच्या खाली फिल्टरमधले, माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया मंद होतात आणि ती घाण पाण्यात साठत जाते. आम्ल पाण्यात ती बहुतेक अमोनियमच्या रूपात राहते, जे माशाला फारसं बाधत नाही, म्हणून वरून सगळं ठीक दिसतं. मग एक दिवस कोणीतरी म्हणतं पाणी खूप दिवस बदललं नाही, अर्धा टँक उपसून नळाचं पाणी भरतात, पीएच एकदम वर जातो, त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि रात्रीपर्यंत मासे वर तरंगतात. आमच्या एका ग्राहकाचे पाच वर्षं सांभाळलेले एंजल असेच गेले, ते दुकानात येऊन रडले, आणि आम्ही त्यांना हे आधी सांगितलं नव्हतं याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. म्हणून बदल दर आठवड्याला, वीस-पंचवीस टक्केच. खूप दिवस राहून गेलं असेल तर रोज थोडं थोडं, दहा टक्के.

पीएच टिकवायला महागडं काही नको. घरी तिसऱ्या (खायचे शिंपले) केल्यात ना, त्याच्या शिंपल्या उकळून, घासून, वाळवून मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल पाण्यात जरा जरा विरघळते. गप्पी, मोली, गोगलगायी यांना तर हे हवंच. पण उलटं पण लक्षात घ्या, मिरामारहून पिशवी भरून वाळू आणि शिंपले आणून शोभेला तळभर पसरू नका, पाणी कडक होत जातं आणि निऑनसारख्या माशांना ते सोसत नाही. कुठलाही दगड टाकायच्या आधी त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, बुडबुडे आले तर त्यात चुना आहे.

समुद्राजवळच्या गावात मे महिन्यात काही विहिरी मचूळ होतात, तेव्हा ते पाणी नको, मोली सोडली तर.

नळाचं पाणी असेल तर

क्लोरीन. माशाचे कल्ले जळतात त्याने आणि फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात. पावसाळ्यात वास जास्त येतो, नाकाला पण कळतं. अँटिक्लोरीनचे थेंब घाला नाहीतर उघड्या बादलीत एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवा. दोन्ही केलं तर उत्तम.

टँक आज, मासे नंतर

आम्ही टँक आणि मासे एकाच दिवशी देत नाही. सुरुवातीला द्यायचो, गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून, आणि दहा दिवसांनी तेच गिऱ्हाईक रिकामी पिशवी घेऊन परत यायचं. कारण असं आहे की माशाच्या शी-शूमधून अमोनिया येतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बऱ्यापैकी निरुपद्रवी आहे. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत वनस्पती लावा, फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका जणू मासे आहेतच. आमच्या चालू टँकमधला जुना स्पंजचा तुकडा आम्ही फुकट देतो, तो तुमच्या फिल्टरमध्ये ठेवला की वेळ वाचतो. आणि स्पंज कधीही नळाखाली धुवू नका, टँकचंच काढलेलं पाणी बादलीत घेऊन त्यात पिळा.

दोन फुटी टँक, म्हणजे 24 बाय 12 बाय 12 इंच, काठोकाठ भरला तर साधारण 56 लिटर होतो. वाळू-काच धरून सत्तर किलोच्या वर वजन जातं, टीपॉयवर ठेवू नका, खाली थर्माकोल घाला. एवढ्यात दहा-बारा छोटे टेट्रा सुखाने राहतात. गोल्डफिश नाही. आणि काचेच्या गोल बाऊलमध्ये आम्ही कुठलाच मासा देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

वनस्पती

सुरुवात अनुबियास आणि जावा फर्नने करा, दोन्ही दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची, त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरला की कुजतो. क्रिप्टोकोरीन लावली की पहिल्या पंधरा दिवसांत पानं वितळल्यासारखी होतात, घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात, नवी पानं येतात. क्रिप्टोकोरीनची एक जात आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतच वाढते, बघितली तर खूप छान वाटतं, पण ती तिथेच राहू द्या.

लाईट रोज सहा ते आठ तास, टायमर लावलात तर बरं. बाल्कनीच्या उन्हात टँक ठेवला की शेवाळ धरतं, मग लोक शेवाळाचं औषध मागतात, आम्ही म्हणतो आधी टँक हलवा. जुन्या पानांना बारीक भोकं पडली तर बहुतेक पोटॅशियम कमी, नवी पानं पिवळी तर लोह. मनी प्लांटची फांदी वरून पाण्यात मुळं सोडून लावा, नायट्रेट शोषून घेते.

उन्हाळा, लाईट जाणं आणि चवथ

हीटर आपल्याकडे बहुतेकांना लागत नाही. त्रास उलटा आहे, एप्रिल-मे मध्ये पाणी तीसच्या वर जातं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की झाकण काढा, टेबलफॅन पाण्यावर सोडा, खाद्य निम्मं करा. बर्फ टाकू नका.

पावसात लाईट गेली की फिल्टर थांबतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या, नसेल तर मगाने पाणी उचलून वरून सोडत राहा, आणि तेवढ्या वेळात खाद्य अजिबात नको. पाच-सहा तास बंद राहिलेला बंदिस्त फिल्टर तसाच चालू करू नका, आतलं पाणी सडलेलं असतं, आधी स्पंज टँकच्या पाण्यात पिळून घ्या.

चवथीच्या आधी घर रंगवताना एअर पंप त्याच खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, रंगाच्या वासासकट. पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी आणा, टँक ओल्या चादरीने झाका. डासांचा स्प्रे आणि कॉइल टँकच्या खोलीत नकोच, त्यातलं औषध माशांना फार जहाल असतं. आणि चवथीला घर पाहुण्यांनी भरतं, प्रत्येक पोर चिमूट चिमूट खाद्य टाकतं, म्हणून डबा वर कपाटात. गावाला चार-पाच दिवस जाणार असाल तर मोठे निरोगी मासे उपाशी आरामात राहतात, शेजाऱ्यांना चावी देऊन मुठीने खाद्य टाकायला सांगू नका.

नवीन मासा आणला की पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, आणि जाळीने मासा उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये नको. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आले तर तो परजीवी आहे, औषध फक्त तो पाण्यात मोकळा पोहत असताना लागू पडतं, म्हणून ठिपके गेले तरी सांगितलेले सगळे दिवस औषध चालू ठेवा.

शेवटी एक कळकळीची विनंती. सकर फिश लहान असताना दोन इंचाचा, पुढे फूट-दीड फूट होतो. जड झाला म्हणून तळीत, शेताच्या पाटात, नदीत सोडू नका, तसंच साल्विनिया आणि जलपर्णी या तरंगणाऱ्या वनस्पतींचं, आपली कितीतरी तळी आधीच त्याने झाकली गेलीत. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात ते आपले आहेत, त्यांच्या पाण्यात दुसरं काही घालू नका. नको झालेला मासा आमच्याकडे आणा, कुठल्याही दुकानातला असो, आम्ही ठेवून घेतो, पैसे घेत नाही.

पाणी तपासायला आणताना अर्धा लिटरची स्वच्छ बाटली, साबणाने न धुतलेली, त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी आणा. विहिरीचं असेल तर तसं बाटलीवर लिहा. पाच-दहा मिनिटं लागतात, मग आपण मासे निवडू.