समांतर वाटा: गिटारचा सिग्नल दुभंगण्यामागचा इतिहास

डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर म्हणजे गिटारचे अ‍ॅम्प (आवाज वाढवणारी यंत्रे) आणि पेडल यांच्या स्वराची आकडेमोडीने नक्कल करणारे उपकरण. त्याच्या पडद्यावर अशा नकलेचा एक ठोकळा खालच्या ओळीत ओढला की इनपुटपासून निघालेल्या रेघेला फाटा फुटतो, वरच्या वाटेवर एक अ‍ॅम्प बसतो, खालच्या वाटेवर दुसरा, आणि उजव्या टोकाला दोन्ही वाटा पुन्हा एक होतात. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्यांना एकसर आणि समांतर जोडणी म्हणतात, त्यांच्यातलाच हा भेद आहे. एकसर साखळीत प्रत्येक पेडल (स्वर बदलणारी, पायाने चालवायची डबी) आधीच्या पेडलने बदललेल्या स्वरावर काम करते. समांतर रचनेत मूळ स्वर निदान एका वाटेवर शाबूत राहू शकतो. ही कल्पना मॉडेलरच्या जन्मापेक्षा साडेतीन दशकांहून अधिक जुनी आहे.

१९५८ मध्ये अमेरिकेत स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि गिटार बनवणाऱ्यांनाही दोन वाहिन्यांचे वेध लागले. ग्रेच कंपनीने त्याच वर्षी ‘प्रोजेक्ट-ओ-सॉनिक’ या नावाने जाड आणि बारीक तारांचे सिग्नल वेगळे काढणारी गिटार आणली, १९५९ मध्ये गिब्सनने ईएस-३४५ या गिटारचे दोन पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे भाग) स्वतंत्रपणे बाहेर काढले, आणि रिकनबॅकरने ‘रिक-ओ-साउंड’ नावाने तीच सोय दिली. या सोयीचा उपयोग करायचा तर दोन अ‍ॅम्प हवेत, आणि बहुतेक वादकांची ऐपत एकाचीच होती. त्यामुळे या गिटारी आजही आवडीने वाजवल्या जात असल्या, तरी त्यांतली स्टिरिओची सोय वादकांच्या गरजेपेक्षा विक्रेत्यांच्या उत्साहातून आली होती, असे म्हणायला जागा आहे.

अधिक महत्त्वाची घडामोड एकाच अ‍ॅम्पच्या पोटात झाली. फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पवरून घडवलेल्या मार्शलच्या जेटीएम-४५ मध्ये आणि पुढे त्या घराण्यातल्या १०० वॉटच्या अ‍ॅम्पमध्ये दोन चॅनेल आणि चार इनपुट होते. गिटारची केबल एका चॅनेलला लावून उरलेल्या इनपुटमधून छोट्या तारेने दुसऱ्या चॅनेलला सिग्नल दिला, की एकाचा चमकदार आणि दुसऱ्याचा भरदार स्वर हवा तसा मिसळता येत असे. निर्मात्यांनी ते इनपुट वेगवेगळ्या वाद्यांसाठी ठेवले होते. वादकांनी त्यांचे समांतर मार्ग केले. हाच प्रयोग फेंडरच्या साठच्या दशकातल्या रिव्हर्ब (आवाज घुमल्याचा परिणाम) असलेल्या अ‍ॅम्पवर केला, तर आवाज भरण्याऐवजी पोकळ होतो. त्या अ‍ॅम्पच्या व्हायब्रॅटो चॅनेलमध्ये ट्यूबचा (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळीचा) एक टप्पा जास्त असतो, असा प्रत्येक टप्पा सिग्नल उलटा करतो, आणि त्यामुळे दोन्ही चॅनेल एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये (एकाची लहर वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली) येऊन एकमेकांना खोडतात. समांतर मार्गांची खरी मेख फोडण्यात नसून जोडण्यात आहे, हे त्या छोट्या तारेने तेव्हाच दाखवून दिले होते.

दोन पूर्ण अ‍ॅम्प वापरणाऱ्यांना ही अडचण फारशी जाणवत नसे, कारण त्यांच्यासाठी जोडण्याचे काम सभागृहातली हवा करत असे. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल खर्ज आणि तार स्वर वेगवेगळ्या अ‍ॅम्पमधून सोडत असे. रोलंडच्या १९७५ च्या जेसी-१२० मध्ये तर ६० वॉटचे दोन अ‍ॅम्प आणि १२ इंची दोन स्पीकर एकाच पेटीत बसवले होते. कोरस (एक वाद्य अनेक असल्यासारखे भासवणारा परिणाम) चालू केला की एका स्पीकरमधून सरळ स्वर येई, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा, आणि या दोहोंच्या मिसळीतून ऐकणाऱ्याच्या कानापाशी कोरस तयार होई.

मात्र केबलने सिग्नल दुभंगण्याची किंमत मोजावी लागे. साध्या वाय केबलने पिकअपवर दोन अ‍ॅम्पचा भार पडून स्वर मंदावतो, आणि दोन्ही अ‍ॅम्पच्या अर्थिंगचे वर्तुळ पूर्ण झाले की गुणगुण सुरू होते. त्यावर बफर (पिकअपवरचा भार हलका करणारे सर्किट) आणि अर्थिंगचे वर्तुळ तोडणारा ट्रान्सफॉर्मर हा उपाय. लॉस एंजेलिसच्या बॉब ब्रॅडशॉ यांनी घडवलेल्या, कपाटाएवढ्या रॅकमध्ये हा सगळा संसार मांडलेला असे. मधला स्पीकर कोरडा (या परिणामांविना) आणि दोन्ही बाजूंच्या स्पीकरमध्ये फक्त डिले (उशिराने येणारी स्वराची पुनरावृत्ती) व रिव्हर्ब, ही गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी वापरलेली त्रिभागी रचना याच परंपरेतली.

मॉडेलर आले तेव्हा हा वारसा लगेच त्यांच्याकडे आला नाही. रोलंडच्या १९९५ च्या व्हीजी-८ मध्ये सहा तारांचे सिग्नल वेगळे हाताळले जात, परंतु लाइन सिक्सच्या १९९८ च्या पॉडमध्ये एकच अ‍ॅम्प आणि ठरलेली साखळी होती. तेव्हाच्या चिपची ताकदच तेवढी. २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्सने चार ओळी आणि बारा रकान्यांची चौकट दिली आणि सिग्नल कुठेही फोडावा, कुठेही जोडावा, हे वापरणाऱ्यावर सोपवले. लाइन सिक्सच्या २०१५ च्या हेलिक्समध्ये दोन चिपवर दोन मुख्य मार्ग आले, आणि प्रत्येकाला आणखी एक फाटा फोडता येऊ लागला. हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीच्या क्वाड कॉर्टेक्समध्येही चार ओळींची चौकटच दिसते. एन्टविसलची खर्ज-तार विभागणी आता क्रॉसओव्हर नावाच्या एका ठोकळ्यात मावते, आणि बेसवादक खर्ज स्वच्छ ठेवून वरच्या भागालाच डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेला खरखरीतपणा) देतात.

दुभंगणे असे फुकट झाले, पण दोन वाटा जोडणाऱ्या हवेची जागा चिपमधल्या आकड्यांच्या बेरजेने घेतली. समान असलेल्या दोन वाटा एकत्र आल्या की पातळी ६ डेसिबलने चढते. एक वाट १ मिलिसेकंद मागे पडली, तर ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ असे स्वर त्या बेरजेतून गळतात. १ मिलिसेकंद म्हणजे हवेतले सुमारे ३४ सेंटिमीटर. मंचावर दोन अ‍ॅम्पमध्ये तेवढे अंतर सहज असे, पण सभागृहात आवाज भिंतींवरून परतून मिसळत असल्याने ती गळती पुसट होई. आकड्यांच्या बेरजेत ती जशीच्या तशी उतरते. शिवाय ट्यूबच्या टप्प्यांची संख्या वेगळी असलेल्या दोन अ‍ॅम्पची इमानाने केलेली मॉडेल त्यांच्या उलटेपणाचीही नक्कल करतात. हेलिक्समध्ये दोन वाटा जिथे मिळतात, त्या मिक्सर ठोकळ्यात पातळी आणि पॅनच्या (डाव्या-उजव्या बाजूच्या वाटणीच्या) जोडीला ‘बी पोलॅरिटी’ ही खालच्या वाटेचा सिग्नल उलटवणारी कळ दिलेली आहे, ती यासाठीच.