स्लो मोशनसाठी सिनेमा कॅमेरा लावताना
(आमच्याकडून कॅमेरा भाड्याने नेणाऱ्या नाशिकच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मेन्यूत शिरण्याआधी विजेचा विचार करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि तिच्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेरा मात्र ते नेमकं पकडतो. सेकंदाला १२० फ्रेमवर शूट केलं की दिव्यांचा आणि फ्रेमचा मेळ बसत नाही. उजेड सेकंदाला २० वेळा खालीवर होतो. तेच फुटेज एडिटमध्ये सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ४.८ पट हळू चाललं की पडद्यावर सेकंदाला साधारण चार वेळा लखलख दिसते. एडिटमध्ये ती काढणं किचकट असतं आणि कित्येकदा पुरती निघतही नाही. म्हणून लॉन्स, हॉल, देवळाचा गाभारा, दुकान अशा दिव्यांखालच्या कामाला १०० फ्रेमच लावा. उघड्या उन्हात १२० चालेल, पण मागे एखादी ट्यूब चालू नाही ना, तेवढं बघून घ्या.

फ्रेम रेट दोन ठिकाणी लावायचा असतो आणि गोंधळ इथेच होतो. ब्लॅकमॅजिक कॅमेऱ्यावर प्रोजेक्ट फ्रेम रेट (फाइल ज्या वेगाने चालेल तो) २५ ठेवा आणि ऑफ-स्पीड (शूट करण्याचा वेगळा वेग) सुरू करून १०० करा. सोनी एफएक्स३ वर आधी पाल (५० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) निवडा, नाहीतर १०० ऐवजी १२० दिसेल. मग एस अँड क्यू (स्लो अँड क्विक) मोडमध्ये रेकॉर्ड २५ आणि फ्रेम रेट १००. हे झालं की फाइल कॅमेऱ्यातच चार पट हळू चालते. एस अँड क्यूमध्ये आवाज रेकॉर्ड होत नाही. ढोल-ताशाचा आवाजही हवा असेल, तर साध्या व्हिडिओ मोडमध्ये १००पी (सेकंदाला १०० फ्रेम) घ्या आणि एडिटमध्ये वेग २५ टक्के करा. आमच्या मते मिरवणुकीला हाच मार्ग बरा, कारण तोच शॉट नेहमीच्या वेगानेही वापरता येतो.

शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १८० अंशांवर, म्हणजे १०० फ्रेमला १/२०० सेकंद. हॉलमध्ये एवढ्यानेही उजेड हळूहळू सरकताना दिसला, तर शटर ३६० अंश, म्हणजे १/१०० करा. विजेची फ्रिक्वेन्सी अगदी ५० वर स्थिर नसते, जनरेटरवर तर ती आणखी हलते. १/१०० मध्ये दिव्याचा एक पूर्ण उजेड-अंधार सामावतो, त्यामुळे फरक मिटतो. हलत्या हातापायांना थोडा जास्त ब्लर येईल, तो चालवून घ्या. स्टेजवरच्या एलईडी पार दिव्यांचं गणित मात्र वेगळं आहे. ते मंद केले की अनेकदा फार वेगाने चालू-बंद होतात, तेव्हा लायटिंगवाल्याला ते पूर्ण ब्राइटनेसवर ठेवायला सांगा.

२५ फ्रेमच्या १/५० वरून १/२०० वर गेलात की उजेड एक चतुर्थांश होतो, दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). अपर्चर ५.६ वरून २.८ वर आणून भागतं, पण फोकसची पट्टी (जेवढ्या खोलीपर्यंत दृश्य स्पष्ट राहतं ती) अरुंद होते. शक्य असेल तर दिवेच वाढवा. एफएक्स३ वर एस-लॉग३ (एडिटमध्ये रंग सुधारायला ठेवलेलं फिकं चित्र) मध्ये बेस आयएसओ, म्हणजे सेन्सर सर्वांत स्वच्छ चालतो त्या संवेदनशीलता, ८०० आणि १२८०० आहेत. रात्री ३२०० किंवा ६४०० वर अडकून राहण्यापेक्षा थेट १२८०० वर जा आणि जास्त झालेला उजेड एनडी (उजेड कमी करणाऱ्या काळसर फिल्टर) ने कापा. अंधाऱ्या भागात दाणे कमी येतील.

रहाडीचं (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाचं) उदाहरण घेऊ. रंगपंचमीला तिवंधा चौकात किंवा शनि चौकात कुणी धप्पा मारतो, म्हणजे रहाडीत उडी घेतो, तेव्हा एक मीटर खाली यायला त्याला जेमतेम ०.४५ सेकंद लागतो. २५ फ्रेमला त्याच्या ११ फ्रेम मिळतात. १०० ला ४५, म्हणजे पडद्यावर १.८ सेकंद. उसळणाऱ्या रंगाचे थेंब सुटे दिसायला हवे असतील तर १/२०० वर ते रेघा होतात; १/८०० करा. त्यासाठी आणखी दोन स्टॉप लागतील, म्हणून भर उन्हातच ठेवा. ऑटोफोकस बंद. तो थेंबांमागे धावतो. उडी मारणारा जिथे पाण्याला टेकेल, त्या अंतरावर फोकस बांधून ठेवा. लेन्सवर क्लिअर फिल्टर आणि कॅमेऱ्याला रेन कव्हर लागतंच. रंगाचा डाग पडला तर कोरड्या फडक्याने घासू नका, आधी ब्लोअर मारा.

वेग वाढवला की काही कॅमेरे सेन्सरचा मधलाच भाग वापरतात. ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के पूर्ण ६के मध्ये ५० फ्रेमपर्यंतच जातो; १०० किंवा १२० ला २.८के वर यावं लागतं आणि दृश्य २.१ पट जवळ येतं. ३५ ची लेन्स ७५ सारखी वागते. रहाडीच्या गर्दीत मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे १८ किंवा त्याहून रुंद लेन्स सोबत न्या.

त्याच रिझोल्यूशनला आणि त्याच क्वालिटीला १०० फ्रेमवर रॉ (सेन्सरचा कच्चा) डेटा २५ च्या चौपट भरतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. ब्लॅकमॅजिकच्या मेन्यूत फ्रेम सुटल्यास रेकॉर्डिंग थांबवण्याचा पर्याय आहे, तो सुरू ठेवा. नाहीतर झटके घरी आल्यावरच कळतात.

कॅमेरा नेताना आमच्या काउंटरवर ट्यूबखाली दहा सेकंदांचा शॉट घ्या, तो कॅमेऱ्यातच हळू चालवून बघा आणि मागच्या भिंतीवर नजर ठेवा. लखलख असेल तर चेहऱ्याआधी भिंतीवर दिसते.