‘लुक आउट!’ म्हणजे ‘बाहेर बघ’ नव्हे

इंग्रजी शिकवणाऱ्या फॉरवर्डमध्ये एक ओळ वर्षानुवर्षं फिरते: ‘लुक’ म्हणजे बघणं, ‘आउट’ म्हणजे बाहेर, म्हणून ‘लुक आउट’ म्हणजे बाहेर बघ.

असं वाटणं साहजिकच आहे. ‘लुक आउट ऑफ द विंडो’मध्ये तोच अर्थ आहे, कारण कुठून बघायचं ते पुढे सांगितलंय. पण कुणी नुसतंच ‘लुक आउट!’ ओरडलं, तर तो इशारा असतो: सांभाळ! तेव्हा मान बाहेर काढणं अंगाशी येईल.

‘फॉर’ जोडला की गंमत वाढते. ‘लुक आउट फॉर स्नेक्स’ म्हणजे सापांपासून सावध राहा. ‘लुक आउट फॉर युअर सिस्टर’ म्हणजे बहिणीची काळजी घे. आपलं ‘जपणं’ही असंच दुहेरी आहे की! निसरड्यावर जपून चाल, आणि तब्येतीला जप.

पडताळायचं तर शब्दकोशात ‘लुक’च्या नोंदीखाली ‘लुक आउट’ वेगळं दिलेलं असतं, ते बघा. किंवा त्या जागी ‘बी केअरफुल’ घाला. इशाऱ्यात अर्थ टिकतो, खिडकीच्या वाक्यात पार बदलतो.